एव्हरग्लेड्स : अ‍ॅलिगेटर आणि त्याचं पाणी

गुरुवार : होमस्टेड, रॉयल पाम

एव्हरग्लेड्सला जायचं ते पाणी आटलेलं असताना. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पावसाळा असतो, बाकीचा काळ कोरडा. त्यामुळे मार्च-एप्रिल येईपर्यंत एवढ्या अफाट दलदलीतलं पाणी खोलगट जागांपुरतं उरतं. मासे तिथे गोळा होतात, माशांमागे बगळे येतात आणि या सगळ्यांच्या मधोमध अ‍ॅलिगेटर पडून असतात. शिवाय याच सुमाराला त्यांच्या जोड्या जमायला लागतात आणि डास अजून फारसे वाढलेले नसतात. म्हणून ओरलँडोला ताईकडे जायचं ठरलं तेव्हाच मी एप्रिल मागून घेतला होता.

माझी सगळी नोकरी सांगलीत, पाटबंधारे खात्यात झाली. कृष्णेतल्या मगरी त्यामुळे ओळखीच्या. भिलवडी-औदुंबरच्या काठाला ऊन खात पडलेल्या मगरी किती वेळा पाहिल्या, आणि नदीवर धुणं धुवायला जाणाऱ्या बायकांच्या मनातली त्यांची धास्तीही पाहिली. अ‍ॅलिगेटर हा त्यांचा लांबचा भाऊबंद. जगात त्याच्या दोनच जाती उरल्या आहेत. एक चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या अंगाला, तीही रानात अगदी थोडी. दुसरी ही अमेरिकेची, नॉर्थ कॅरोलिनापासून टेक्सासपर्यंतच्या पाणथळ पट्ट्यात राहणारी. एकट्या फ्लोरिडात तिची संख्या सुमारे तेरा लाख धरतात.

ओरलँडोहून होमस्टेडला पोचायला चार तास लागले. गाडी दाजी चालवत होते, मागे ताई आणि भाची. भाची विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते, म्हणून आमची वाटाडी तीच. होमस्टेडच्या आजूबाजूला फळबागा आहेत. रस्त्याकडेच्या एका मोठ्या फळांच्या दुकानात चिकू पाहून ताई हरखली. चिकू मूळचा याच बाजूचा, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. तिथून तो डहाणू-घोलवडपर्यंत पोचला.

एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या रॉयल पामच्या वाहनतळावर ताडपत्र्या ठेवलेल्या दिसल्या. इथली गिधाडं गाडीच्या काचांभोवतीचं रबर ओरबाडतात, म्हणून उद्यानाचे लोकच गाडी झाकायला ताडपत्री देतात. आम्ही ती नीट बांधली आणि अन्हिंगा ट्रेलवर निघालो. जेमतेम सव्वा किलोमीटरची वाट, त्यातला बराच भाग पाण्यावर उभारलेल्या लाकडी फळ्यांचा. अन्हिंगा म्हणजे आपल्या सापमान्याचा अमेरिकेतला भाऊ. तसाच मान वर काढून पोहणारा, तसाच पंख पसरून वाळवत बसणारा.

पहिला अ‍ॅलिगेटर फळ्यांच्या अगदी खालीच होता. साडेसात-आठ फुटांचा, काळसर, पाठीवर हाडाच्या खवल्यांच्या रांगा. कृष्णेतली मगर करड्या-मातकट रंगाची, हा जवळजवळ डांबरी. मुस्कट रुंद, पुढून गोलाकार. तोंड मिटलं की वरचेच दात दिसतात. मगरीचा खालचा चौथा दात मात्र मिटल्या तोंडातूनही बाहेर दिसतो. भाचीने मला दुर्बिणीतून त्याच्या जबड्यावरचे बारीक काळे ठिपके पाहायला लावले. ती नुसती नक्षी नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर थेंब पडला तरी तो हादरा त्या ठिपक्यांना जाणवतो. डाफ्ने सोआरेस या संशोधिकेने २००२ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे गच्च अंधारातही मासा कुठे हलला, हे या प्राण्याला कातडीने कळतं.

रात्री जेवून पुन्हा त्याच वाटेवर गेलो. ही वाट रात्रीही खुली असते. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्यावर फिरवली की निखाऱ्यासारखे लाल ठिपके पेटतात. जिथे दिवसा पाच-सहा अ‍ॅलिगेटर मोजले होते, तिथे रात्री डोळेच डोळे. एकेकाळी शिकारी याच उजेडाने त्यांना हेरायचे. आजही गणती करणारे लोक हीच युक्ती वापरतात.

शुक्रवार : फ्लेमिंगो

उद्यानाच्या मुख्य दारापासून फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत ३८ मैल रस्ता आहे. वाटेत ‘रॉक रीफ पास, उंची ३ फूट’ अशी पाटी लागते. ती वाचून कुणालाही हसू येईल, पण इथला सगळा निसर्ग त्या दोन-तीन फुटांवरच चालतो. सहा इंच चढ असला की पाइन वृक्ष उगवतात, सहा इंच उतार असला की सॉग्रासची धारदार पाती, आणखी खाली सायप्रस. उत्तरेला ओकीचोबी सरोवर, दक्षिणेला समुद्र आणि मधे इतका नगण्य उतार की पाणी वाहतंय हे डोळ्यांना दिसतच नाही. गवतातून सरकणारी, मैलोनमैल रुंद आणि गुडघाभरही खोल नसलेली ती नदीच आहे. असा प्रवाह मी कधी पाहिला नव्हता. आमच्या सगळ्या हिशोबांत नदीला दोन काठ असतातच.

फ्लेमिंगोला गोडं पाणी संपतं आणि खारफुटी सुरू होते. धक्क्याच्या काँक्रीटच्या उतारावर जी पडली होती ती मगर होती. फिकट रंगाची, निमुळत्या तोंडाची अमेरिकन मगर. रानात अ‍ॅलिगेटर आणि मगर एकत्र नांदतात ते आता फक्त इथे, दक्षिण फ्लोरिडात. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून तिला खाडी मानवते. अ‍ॅलिगेटरच्या तशा ग्रंथी काम करत नाहीत. तो खाऱ्या पाण्यात फेरी मारून येईल, पण मुक्कामाला त्याला गोडंच पाणी लागतं. थंडी मात्र तो मगरीपेक्षा कितीतरी जास्त सोसतो. २०१० च्या जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत इथल्या बऱ्याच मगरी दगावल्या. उलट नॉर्थ कॅरोलिनात तळं गोठलं तरी अ‍ॅलिगेटर फक्त नाकपुड्या बर्फाबाहेर काढून थंडी सरायची वाट पाहत राहतो.

१९७५ मध्ये फ्लोरिडात मगरी दोन-तीनशेच राहिल्या होत्या. त्यांना संरक्षण मिळालं, त्या वाढल्या आणि २००७ मध्ये त्यांचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आला. त्यांच्या वाढीत टर्की पॉइंट अणुवीजकेंद्राच्या पाणी थंड करण्याच्या कालव्यांचाही वाटा आहे. त्या कालव्यांच्या मातीच्या बांधांवर मगरी अंडी घालू लागल्या. कालव्याच्या बांधाचा असा उपयोग ऐकून मला मनापासून बरं वाटलं.

धक्क्यावर बसून आम्ही डबे उघडले. इथेच गाय ब्रॅडली नावाचा पहारेकरी राहायचा. बायकांच्या टोप्यांवर खोचायच्या पिसांसाठी बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात होत्या, त्या काळात ऑड्युबॉन संस्थेने त्याला नेमलं होतं. १९०५ च्या जुलैमध्ये पक्षी मारणाऱ्यांना अडवायला गेला आणि त्यांच्या गोळीला बळी पडला. पिसांच्या व्यापाराला आळा बसला, पण कातड्याचा व्यापार पुढे कितीतरी वर्षं चालला. पाकिटं, पट्टे, जोडे. रात्री दिव्यावर हेरायचं, मारायचं, पोटाकडचं मऊ कातडं काढून घ्यायचं. फ्लोरिडाने १९६२ मध्ये शिकार थांबवली, १९६७ मध्ये अ‍ॅलिगेटर देशाच्या संकटग्रस्त यादीत गेला. पण खरा दणका बसला तो १९६९ मध्ये. चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर जो केंद्रीय कायदा होता, त्यात त्या वर्षी सरपटणारे प्राणीही आले. कातडं विकायची वाटच बंद झाली. १९८७ मध्ये ही जात सावरली असं सरकारने जाहीर केलं.

“मग आता पुन्हा शिकार कशी चालते?” ताईने विचारलं. उद्यानात चालत नाही, पण बाहेर चालते. १९८८ पासून फ्लोरिडात ठरावीक परवाने देऊन हंगामी शिकार होते. लुइझियानात तर दलदलीच्या मालकाला अंडी गोळा करू द्यायचे पैसे मिळतात, आणि पाळणाऱ्याने वाढवलेल्या पिल्लांपैकी ठरलेला हिस्सा परत रानात सोडायचा असतो. मला जिवंत प्राणी मारणं आवडत नाही. तरीही ही व्यवस्था मला पटली, कारण लुइझियानाची किनाऱ्याकडची बरीचशी दलदल खासगी मालकीची आहे. अ‍ॅलिगेटरचं उत्पन्न नसतं तर त्या मालकांनी ती कधीच बुजवून टाकली असती.

शनिवार : शार्क व्हॅली

सकाळी होमस्टेडहून उत्तरेला येऊन तमियामी ट्रेलला लागलो. टँपा ते मायामी हा रस्ता १९२८ मध्ये खुला झाला. शेजारी कालवा खणून निघालेला दगड-मुरूम बाजूला टाकत त्याचा भराव केला, आणि पूर्व-पश्चिम धावणारा तो भराव उत्तरेकडून येणाऱ्या गवताच्या नदीला धरणासारखा आडवा आला. त्यावर १९४८ पासून पूरनियंत्रणाची मोठी योजना झाली: कालवे, बांध, पंप, दरवाजे. मायामीची उपनगरं आणि उसाची शेती कोरडी राहिली, नदीचं पाणी समुद्राकडे वळलं. आता रस्त्याचा एकेक तुकडा उचलून त्याचा पूल करताहेत. पहिला, एक मैलाचा पूल २०१३ मध्ये झाला, दुसरा सव्वादोन मैलांहून थोडा लांब, २०१९ मध्ये. दोन्ही पुलांवर दाजींनी माझ्यासाठी गाडी हळू घेतली.

शार्क व्हॅलीत २४ किलोमीटरची गोल डांबरी वाट आहे. तिथे ट्राम चालते, पण आम्ही सायकली घेतल्या. दाजी म्हणाले, “पाव्हणं, ह्या वयात एवढं पेडल मारायचं?” पण निघाले ते सगळ्यांच्या पुढे. अ‍ॅलिगेटरपासून १५ फूट लांब राहायचं हा इथला नियम आहे, आणि तो पाळताना कधी कधी सायकल रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला न्यावी लागते, कारण अ‍ॅलिगेटर डांबरावरच ऊन खात असतात.

अर्ध्या तासाने आवाज आला. आधी तो ऐकू आला असं नाही, छातीत जाणवला. कालव्यात एका नराने डोकं आणि शेपूट वर उचलली, अंग फुगवलं, आणि त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबाने वर उडू लागलं. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा खोल आवाज आधी पाण्यात उतरतो आणि त्याने पाणी असं नाचतं, मग डुरकी फुटते. पोळ डुरकतो त्याहून जड. दूरच्या गवतातून दुसऱ्याने उत्तर दिलं, मग तिसऱ्याने. सगळेच सायकलस्वार थांबले होते. एक म्हातारं अमेरिकन जोडपं हात जोडावेत तसं उभं होतं.

पुढे एका पुलाशी मादी दिसली, तिच्या आसपास गेल्या ऑगस्टमधली पिल्लं. फूटभर लांबीची, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. काही तिच्या डोक्यावरच चढून बसली होती. बगळा जरा जवळ सरकला की पिल्लं घशातून बारीक आवाज काढत आणि आई पाण्यातून पुढे येई. साप-कासवांच्या जगात इतकं आईपण दुर्मीळच. जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला ती काड्या-गवताचा दोन-तीन फूट उंच ढीग रचते आणि त्यात तीस-चाळीस अंडी घालते. कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या उबेवरच ठरतं. ३० अंशांच्या आसपास माद्या, ३३ च्या आसपास बहुतेक नर. लुइझियानातल्या रॉकफेलर अभयारण्यातल्या कामावरून मार्क फर्ग्युसन आणि टेड जोआनन यांनी १९८२ मध्ये हे मांडलं. दोनेक महिन्यांनी अंड्यातूनच पिल्लांचा आवाज येऊ लागतो. तो ऐकून आई ढीग उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची पकड हजार किलोंच्या आसपास जाते, त्याच जबड्यात.

हाच ढीग लाल पोटाचं एक कासवही वापरतं. मादी राखण करते म्हणून ते आपली अंडी तिच्या घरट्यात घालून निघून जातं.

अर्ध्या वाटेवर ६५ फूट उंच मनोरा आहे. वरून पाहिलं आणि गवतातले ते गोल, गडद ठिपके दिसले. गेटर होल. चुनखडकातल्या खळग्यातला गाळ आणि मुळं अ‍ॅलिगेटर तोंडाने, पायांनी, शेपटीने उपसत राहतो. वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या. उपसलेल्या गाळाचा काठ होतो, त्यावर विलो वगैरे झाडं येतात. चौफेर जमीन भेगाळली तरी या डोहात पाणी राहतं, आणि मासे, बेडूक, कासवं, गोगलगायी तिथे तग धरतात. पाऊस आला की तिथूनच सगळीकडे पुन्हा पसरतात. फ्रँक क्रेगहेड यांनी १९६८ मध्ये हे नीट लिहून ठेवलं. दुष्काळी भागात पाणी अडवायची कामं मी हयातभर पाहिली. या जनावराने ती कुणाच्या मंजुरीविना केली आहेत.

बगळे-करकोचेही डोहांवरच्या झाडांतच घरटी करतात. खाली अ‍ॅलिगेटर असला की रॅकून हा अंडी-पिल्लं खाणारा प्राणी झाडावर चढायला धजावत नाही. बदल्यात वरून पडलेलं एखादं पिल्लू अ‍ॅलिगेटरला मिळतं. अशा वसाहतींखाली राहणारे अ‍ॅलिगेटर इतरांपेक्षा धष्टपुष्ट असतात, असं फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे.

इतर ठिकाणच्या मानाने एव्हरग्लेड्समधले अ‍ॅलिगेटर बारीक असतात, वाढतातही सावकाश. माझ्या मनात घर करून राहिली ती भाचीने मनोऱ्यावर सांगितलेली घरट्याची गोष्ट. वसंतात पाणी किती आहे त्यावरून मादी घरट्याची उंची ठरवते. पूर्वी उत्तरेचं पाणी गवतातून हळूहळू यायचं, त्यामुळे वसंतातल्या पातळीवरून पावसाळ्यातल्या पातळीचा अंदाज बरोबर यायचा. आता वरच्या भागातला फुगवटा कमी करायला दरवाजे उघडतात आणि पाणी चार दिवसांत चढतं. अंडी बुडतात. अंड्यालाही श्वास लागतो, काही तास पाण्याखाली राहिलं की आतलं पिल्लू गुदमरतं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. विसर्गाचे आकडे लिहिताना खालच्या गावांचा विचार केला होता. नदीकाठच्या कुणाच्या अंड्यांचा विचार आमच्या कुठल्याही तक्त्यात नव्हता.

रविवार : ओएसिस, लूप रोड

शेजारच्या बिग सायप्रस या राखीव रानातल्या ओएसिस केंद्रासमोरच्या कालव्यात दहा-बारा फुटी नर एकाला एक लागून पडले होते. इथे माणसांची गर्दी असते, आणि त्यांना खायला घालू नका अशा पाट्या सगळीकडे. तो गुन्हा आहे, आणि कारण सरळ आहे: खायला मिळालं की अ‍ॅलिगेटरची माणसाची भीती जाते. फ्लोरिडात दवाखान्यात जावं लागेल असे विनाकारण चावे वर्षाला सरासरी आठच्या घरात आहेत. तेरा लाख जनावरं आणि दोन कोटींहून जास्त माणसं एकाच पाण्याकाठी राहतात, हे पाहता हा आकडा फार थोडा. पण चार फुटांहून मोठा अ‍ॅलिगेटर घराजवळ आला आणि कुणी तक्रार केली, तर सरकारने नेमलेला माणूस येऊन त्याला नेतो, आणि तो बहुधा मारलाच जातो. माणसाने टाकलेल्या पावाच्या तुकड्याची किंमत शेवटी त्याच्या जिवाने वसूल होते.

लूप रोड हा खडीचा रस्ता सायप्रसच्या सावलीतून जातो. खाली स्वच्छ, चहाच्या रंगाचं पाणी. पण मैलभर गेलं तरी चार पायांचं छोटं जनावर दिसत नाही. ब्रह्मदेशी अजगर. हौसेने पाळलेले आणि सोडून दिलेले किंवा निसटलेले. २०१२ च्या एका अभ्यासात रस्त्यावरच्या नोंदींवरून रॅकून ९९ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २००५ मध्ये सहा फुटी अ‍ॅलिगेटर गिळून फुटलेल्या अजगराचं छायाचित्र जगभर गेलं होतं. अ‍ॅलिगेटरही अजगर खातो, पण एवढ्या रानात त्याने तरी किती पुरं पडावं. २०१७ मध्ये फ्लोरिडाने तामिळनाडूतून इरुळा जमातीचे दोन साप-पकडे बोलावले, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. पहिल्या आठवड्याभरातच त्यांनी तेरा अजगर पकडले, केवळ माग काढून. २०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली.

लूप रोडचं पूर्वेकडचं टोक पुन्हा तमियामी ट्रेलला मिळतं. तिथून जवळच काँक्रीटचे दरवाजे आहेत, एस-१२ नावाची १९६० च्या दशकातली रांग. मी गाडी थांबवायला लावली. पातळी मोजायची पट्टी, उचलायची यंत्रणा, वरच्या अंगाला साठलेलं पाणी. सगळं ओळखीचं. पश्चिमेकडचे दरवाजे वसंतात बंद ठेवतात, कारण खालच्या माळावर केप सेबल चिमणी नावाचा दुर्मीळ पक्षी जमिनीलगत घरटं करतो. पाणी सोडलं तर त्याची अंडी जातात. आणि बंद ठेवून नंतर एकदम सोडलं तर अ‍ॅलिगेटरची.

“मग पाव्हणं, तुम्ही असता तर काय केलं असतं?” दाजींनी विचारलं.

मी म्हटलं, दाजी, या दरवाजावर बसून हे सुटणार नाही. पाणी पूर्वेकडून, त्या नव्या पुलांखालून जायला हवं. ती त्याची जुनी वाट. तिथून ते रुंद आणि सावकाश पसरेल, चिमणीला इथे कोरडं राहील, आणि जूनमध्ये मादीचा अंदाज खरा ठरेल. त्यासाठी आधी उरलेला रस्ता उचलायला हवा आणि वरून स्वच्छ पाणी मिळायला हवं. उसाच्या शेतातून खत मिसळून येणारं पाणी इथल्या गवताला चालत नाही. २००० साली मंजूर झालेल्या पुनर्स्थापना योजनेत हाच विचार आहे. अ‍ॅलिगेटर किती, ते केवढे आणि किती बारीक, हे ती योजना जमतेय की नाही याचं एक माप म्हणूनच दरवर्षी पाहतात.

उद्यानाचे लोक उन्हाळ्यात हेलिकॉप्टरमधून घरटी मोजतात. कालव्यांच्या पातळ्या आणि विसर्ग इथलं जलव्यवस्थापन खातं रोजच्या रोज जाहीर करतं. ओरलँडोला परतताना भाचीला सांगून ठेवलं, दोन्ही आकडे कळले की मला पाठव, घरट्यांचे आणि जून ते ऑगस्टच्या विसर्गाचे. तारखांसकट.